ओलसर चॉकलेट केक मधे बसतोय? आधी तो कधी बसला ते सांगा

लग्नसराई सुरू झाली, पोरांच्या सुट्ट्या लागल्या की एकच प्रश्न फिरून फिरून येतो. पाचोऱ्याहून येतो, शहाद्याहून येतो, गल्लीतल्या वहिनीही विचारतात. "चॉकलेट केक ओलसर केला की मधे खड्डा पडतो, कापायला गेलं की भुगा होतो. आकार टिकवायला गेलं तर कोरडाठाक होतो. दोन्ही एकदम जमवायचं कसं?" उत्तरंही ठरलेली असतात. कुणी सांगतं दही वाढवा, कुणी सांगतं तेल कमी करा, कुणी चिमूटभर सोडा जास्त टाकायला लावतं. मग पुढचा केक वेगळ्याच तऱ्हेने बिघडतो.

साहित्याला हात लावायच्या आधी एवढंच बघा की केकचा आकार कोणत्या वेळी गेला. ओव्हनमध्ये असतानाच बसला? बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बसला? टिनमधून काढताना तुटला? की रात्रभर छान उभा होता आणि क्रीम लावताना किंवा नेताना कलंडला? ही चार वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन्ही वाढतात. खान्देशात तर मार्च लागला की चौथं दुखणं घरोघर असतं, आणि त्याचा रेसिपीशी जवळजवळ काही संबंध नसतो.

बाहेर काढल्यावर बसला

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या. आणि इथे मला स्पष्ट बोलायला आवडतं. आपण ज्याला "जास्त ओलसर झाला म्हणून बसला" म्हणतो, तो बहुतेक वेळा नुसता कच्चा असतो.

केक फुगतो तो सोड्याच्या वायूवर आणि वाफेवर. तो फुगवटा जागच्या जागी धरून ठेवायचं काम मैद्यातल्या स्टार्चचं. ते पाणी शोषून, गरम होऊन घट्ट बसावं लागतं. अंडं असेल तर तेही सोबत बांधलं जातं. साखर जितकी जास्त, तितकं हे घट्ट होणं उशिरा होतं. कडा आधी शिजतात, मधला भाग शेवटी. तो बांधला जाण्याआधी केक बाहेर आला की आतली वाफ थंड होऊन आकसते आणि मध्य खाली जातो. बसलेल्या केकचा मधून काप काढून बघा. खड्ड्याखाली चिकट, गडद, दाबल्यावर बोटाला लागणारा पट्टा दिसला तर रेसिपी बदलू नका, वेळ वाढवा.

चॉकलेट केकची अडचण अशी की रंगावरून काहीच कळत नाही. व्हॅनिला केक सोनेरी झाला की डोळ्यांना दिसतो, हा मात्र कच्चाही काळा आणि पक्काही काळा. म्हणून तीन गोष्टी बघायच्या. केकची कड टिनपासून दोऱ्याएवढी सुटली पाहिजे. मधे बोटाने हलकं दाबलं की खळगा भरून आला पाहिजे. आणि टूथपिक बरोबर मधोमध, तळापर्यंत घालायची. तिला दोन-तीन ओलसर कण चिकटले तर केक तयार आहे, ओलं पीठ लागलं तर नाही. अगदी कोरडी टूथपिक येईपर्यंत थांबलात तर केक कोरडा होणार, तेव्हा त्या दोन-तीन कणांवरच काढायचा. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. मध्याचं तापमान ९६ ते ९८ अंश सेल्सिअस आलं की काढा. मिश्रणात चॉकलेटचे तुकडे टाकले असतील तर टूथपिक वितळलेल्या तुकड्यात घुसून फसवते, दोन-तीन ठिकाणी टोचून बघा.

"पण रेसिपीत ३५ मिनिटं लिहिलंय, तेवढी ठेवला होता." बरोबर. पण ती ३५ मिनिटं कुणाच्या ओव्हनची, आणि कुठल्या विजेवरची?

आपल्याकडे हे कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. घरी २३० व्होल्ट यायला पाहिजेत. संध्याकाळी, किंवा शेतातल्या मोटारी सुरू असतात त्या वेळी, गावाकडे व्होल्टेज चांगलंच पडतं. पंखा हळू फिरतो, ट्यूब लुकलुकते, हे आपल्याला दिसतं. ओव्हनचं दिसत नाही. तारेच्या कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १८० व्होल्ट येत असतील तर २३० च्या तुलनेत उष्णता ६१ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे २००० वॅटचा ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) तुमच्या ओट्यावर १२०० वॅटचा होऊन बसतो. थर्मोस्टॅट कॉइल जास्त वेळ चालू ठेवून भरपाई करतो खरा, पण ओव्हन तापायला दुप्पट वेळ लागतो आणि दार उघडल्यावर गेलेली उष्णता लवकर परत येत नाही. दहा मिनिटं प्रीहीट करून टिन आत ठेवला आणि ओव्हन प्रत्यक्षात १३० अंशांवरच असेल, तर सोडा आपलं काम उरकून मोकळा होतो, स्टार्च अजून झोपेतच असतं.

उपाय साधा आहे. घड्याळावर प्रीहीट करू नका. ओटीजीचा लाल दिवा एकदा विझून, परत लागून, पुन्हा विझेपर्यंत थांबा. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो नक्की घ्या. महागड्या टिनांच्या सेटपेक्षा तो कामाचा. शक्य असेल तर सकाळी लवकर भाजा, तेव्हा विजेवर ताण कमी असतो आणि तुमच्या डोक्यावरही.

टिनचा आकार हे दुसरं कारण. ६ इंची गोल टिनचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, ७ इंचीचं ३८, ८ इंचीचं ५०. आठ इंचीसाठी लिहिलेलं मिश्रण उंच केक हवा म्हणून सहा इंचीत ओतलं की थर जवळजवळ पावणेदोन पट जाड होतो. वरून फुगून तडकतो, आतून कच्चा राहतो. मिश्रण टिनच्या निम्म्यापर्यंतच, फार तर थोडं वर. उंची हवी तर दोन टिनांत भाजून एकावर एक ठेवा. खोल टिन असेल तर १७० ऐवजी १६० अंशांवर, जास्त वेळ.

ओव्हनमध्येच फुगून बसला

याचं कारण दहातल्या आठ घरी सोड्याच्या डब्यात सापडेल. मैद्याच्या १२० ग्रॅमला, आंबट काहीतरी सोबत असेल तर, पाव चमचा खाण्याचा सोडा पुरतो. थोडं इकडेतिकडे चालतं, पण "जास्त फुगू दे" म्हणून दुप्पट केला की बुडबुडे मोठे होऊन फुटतात आणि केक खाली येतो. वर साबणासारखी चव राहते ती वेगळी. चमचा सपाट हवा, शीग नको. सोडा जुना असेल तर लिंबाच्या रसात टाकून बघा, बेकिंग पावडर गरम पाण्यात. जोरात फसफसली पाहिजे.

कोकोकडेही बघा. साधा कोको आंबट असतो, सोड्याशी जुळतो. काळाभोर दिसणारा कोको क्षाराची प्रक्रिया केलेला असतो आणि त्याचा आंबटपणा गेलेला असतो. डब्यावरच्या घटकांत आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ असे आकडे दिसले तर तो दुसऱ्या जातीचा. असा कोको वापरताना सोडा थोडा कमी करून बेकिंग पावडर जोडीला घ्या.

दार पहिली २५ मिनिटं उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे उघडतात.

लाइट जाते त्याचं काय? घरचा इन्व्हर्टर ओटीजी ओढत नाही. मिश्रण अजून पातळ असेल, म्हणजे पहिल्या सात-आठ मिनिटांत गेली, तर टिन सरळ तापलेल्या कढईत हलवा, बिघडत नाही. केक फुगलेला असेल तर मात्र हात लावू नका. दार बंदच ठेवा आणि वाट बघा. त्या वेळी हलवलेला केक हमखास बसतो, न हलवलेला कधी कधी वाचतो. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही तिथे मी तर सांगते, पहिल्यापासून गॅसवरच करा. जाड बुडाच्या कढईत मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं, मग टिन ठेवून आच बारीक. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी घालायचं नाही. कढईतल्या केकची एक खास खोड आहे. झाकणाला जमलेली वाफ थेंबाथेंबाने मधोमध पडते आणि तिथेच चिखल होतो. ढोकळ्याला बांधतो तसं झाकणाला आतून फडकं बांधा, टोकं वर घेऊन गाठ मारा म्हणजे ज्योतीकडे लोंबणार नाहीत.

प्रमाण

आता साहित्य. इकडे निम्म्याहून जास्त घरांत केक बिनअंड्याचाच लागतो, म्हणून त्याचंच देते. ७ इंची, ३ इंच उंच गोल टिनसाठी:

मैदा १८० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा, ताजं घट्ट दही १२० ग्रॅम, वास नसलेलं तेल ८० ग्रॅम, गरम पाणी १५० मिली, व्हिनेगर एक चमचा, व्हॅनिला. चमचा म्हणजे ५ मिलीचा. क्षारप्रक्रियेचा कोको असेल तर सोडा पाव चमचा आणि बेकिंग पावडर एक चमचा.

कोको आधी त्या गरम पाण्यात कालवून ठेवायचा. स्वाद खुलतो आणि गुठळ्या मोडतात. कोमट झाला की त्यात दही, तेल, साखर, व्हॅनिला. मैदा, मीठ, सोडा दोनदा चाळून घालायचं, व्हिनेगर अगदी शेवटी. व्हिनेगर पडलं की टिन ओव्हनमध्ये जायलाच पाहिजे, कारण सोडा वाट बघत नाही. फेटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. जास्त घोटलं की केक रबरासारखा होतो आणि आत उभी भोकं पडतात. १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, पण वर सांगितलेल्या खुणा घड्याळापेक्षा मोठ्या.

या प्रमाणात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. साखर मैद्याइतकीच, वर नाही. अंडं नसताना सगळा भार मैद्यावर असतो. त्यात साखर वाढवली की बांधणी उशिरा होते आणि सैल राहते. दुसरं, मैद्यातले दोन चमचे काढून कॉर्नफ्लोअर घालायची युक्ती इथे नको. ती अंड्याच्या केकला हलका करते. बिनअंड्याच्या ओलसर केकमधून मैद्याचा आधार काढून घेतला तर भुगाच होणार. अंडं चालत असेल तर दह्याच्या जागी दोन अंडी घ्या आणि व्हिनेगर दोन चमचे करा, आकाराची निम्मी काळजी तिथेच मिटते.

वाटीने मोजू नका. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०. पंचवीस टक्क्यांचा फरक कुठल्याही रेसिपीला झेपत नाही. वजनकाटा घ्या.

तेलाबद्दल. घाण्याचं शेंगदाणा तेल आपल्या भरताला आणि शेवभाजीला, केकला नाही. चॉकलेटच्या वर शेंगदाण्याचा वास येतो. सूर्यफूल चालेल. आणि लोण्यापेक्षा तेलच घ्या, निदान होळीपासून पावसापर्यंत. लोणी आणि साखर फेटून हवा भरायची तर लोणी २० अंशांच्या आसपास, मऊ पण घट्ट हवं. ३२ ते ३५ अंशांना ते वितळतं. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर त्याच्या वर असतं, मग फेटणार काय? तेल फ्रिजमध्येही पातळच राहतं, म्हणून तेलाचा केक थंड असतानाही मऊ लागतो.

उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबट ढाण होतं आणि पाणी सोडतं. पाणी निथळून घ्या, खूप आंबट असेल तर व्हिनेगर घालूच नका.

केळ्याचं सांगितलं नाही तर रावेर-यावलची माणसं रागावतील. जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरात पिकून काळी पडलेली केळी केकमध्ये जातात. केक छान ओलसर होतो यात शंका नाही. पण "आहेत तर घालू" म्हणून तीन-चार घातली की केकचा शिरा होतो, कारण केळं पाणी आणतं, वजन आणतं, आधार देत नाही. वरच्या प्रमाणात फार तर ८० ग्रॅम गर, काट्याने कुस्करलेला, आणि तेवढंच दही कमी. वेळ दहा मिनिटं जास्त धरा.

गव्हाच्या पिठाचा हवा असेल तर गिरणीचं पीठ बारीक चाळणीने चाळा, पाणी दोन-तीन मोठे चमचे वाढवा आणि सोडा-व्हिनेगर घालायच्या आधी मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवा. कोंडा पाणी पितो, त्याला वेळ द्यायचा. मैद्याइतका उंच होणार नाही, ती अपेक्षा सोडा.

टिनमधून काढताना तुटला

घाई. दुसरं काही नाही. तळाला बटर पेपर, बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं टिनमध्येच, मग कडेने सुरी फिरवून जाळीवर. टिनमध्ये तासभर विसरलात तर वाफेने बाजू ओल्या होऊन आत ओढल्या जातात, केकला कंबर येते. बाजूंना तूप-तेल थापून लावलं तरी तेच. पातळ हात पुरे.

उभा होता, मग कलंडला

आता आपलं खास प्रकरण. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. घरात दुपारी ३७-३८ सहज असतं. पुस्तकात लिहिलेलं "खोलीच्या तापमानाला थंड होऊ द्या" हे वाक्य आपल्यासाठी नाही. ज्या खोलीत माणूस थंड होत नाही तिथे केक काय होणार? ताजा केक आतून गरम असेपर्यंत त्याची बांधणी कच्ची असते. थंड झाल्यावरच स्टार्च नीट घट्ट होतं आणि सुरीला स्वच्छ काप येतो. म्हणून जाळीवर, पातळ कोरड्या फडक्याखाली, हाताला कोमट लागेपर्यंत ठेवा. पंख्याखाली उघडा ठेवलात तर आपल्या कोरड्या हवेत वरचा पापुद्रा कडक होतो, आणि कूलरसमोर ठेवलात तर वरून चिकट. कोमट झाला की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गुंडाळल्याशिवाय नको, फ्रिज उघड्या केकला सुकवतो. थर कापायचे ते सकाळी, थंडगार असताना, दातेरी सुरीने.

त्यानंतरची चूक म्हणजे साखरपाणी. बेकरीवाले स्पंज भिजवतात कारण तो स्पंज कोरडा असतो. तुमचा केक दह्या-तेलाचा आहे, त्याला पाजायची गरज नाही. फारच वाटलं तर थराला दोन मोठे चमचे, ब्रशने. वाटीभर ओतलं की खालचा थर वरच्याचं वजन पेलत नाही आणि बाजूने फुगतो.

आणि वरचं आवरण. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ३८ अंशांच्या खोलीत कितीही चांगला गनाश (चॉकलेट-क्रीमचं आवरण) ओघळणारच. वनस्पती तेलाचं कंपाउंड चॉकलेट थोडं जास्त तग धरतं, पण तेही लोखंडाचं नाही. उन्हाळ्यात दोन भाग कंपाउंडला एक भाग २५ टक्के फॅटचं क्रीम, ऐन मे महिन्यात तीनाला एक. पातळ थर द्या. जाड थर स्वतःच्या वजनाने घसरतो. व्हीप क्रीम फेटताना भांडं बर्फावर ठेवा, आणि सगळं आवरण पहाटेच उरका.

मे महिन्यात व्हीप क्रीमचा दुमजली केक भर दुपारी मोटारसायकलवर पारोळ्याला न्यायचा म्हणतील त्यांना मी सरळ नाही म्हणते. साखरपुडा असो की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीचा वाढदिवस. त्याऐवजी एकमजली केक, पातळ गनाश, रात्रभर गारठवलेला, कडक पुठ्ठ्यावर आणि बंद डब्यात. डबा थर्माकोलच्या खोक्यात, बाजूला बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. गाडी असेल तर सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते. पायाशी सपाट जागेवर ठेवा. दोन थर असतील तर जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढ्या कापून मधे तीन-चार उभ्या खोचा, वरचा थर घसरत नाही.

पाहुणे यायला तासभर आहे आणि केक आधीच बसलाय, अशा वेळी: खड्डा वरवरचा असेल आणि खाली शिजलेलं असेल तर उलटा करा, तळ वर येतो, सपाट मिळतो. खड्डा गनाशने भरून उलटवला तर कापल्यावर मुद्दाम केल्यासारखा दिसतो. मध्य कच्चा असेल आणि केक अजून गरम असेल तर वर फॉइल झाकून परत दहा-पंधरा मिनिटं भाजा. खड्डा जाणार नाही, पण शिजेल. पूर्ण गार झाला असेल तर पुन्हा भाजून काही होत नाही. मधला कच्चा भाग गोल कापून काढून टाका, कडेच्या भागाचे बोटभर जाड काप करा आणि १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत शेका. चहाबरोबर चॉकलेट टोस्ट म्हणून संपतात.